तालुक्याला नवीन बातमीदार झालात? मग सकाळी सातच्या फोनची तयारी करा

बातमी लागली की पहिला फोन सकाळी सातच्या आत येतो. कौतुकाचे फोन दहानंतर, आले तर. सातचा फोन ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याचा नाहीतर त्याच्या एखाद्या कार्यकर्त्याचा असतो आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "कुणी दिली ओ तुम्हाला ही माहिती?" तेव्हा तुमच्या तोंडात ब्रश असतो, डेस्कवाला रात्रपाळी करून झोपलेला, संपादक जिल्ह्याच्या गावाला, आणि उत्तर तुम्हालाच द्यायचं असतं. घरातल्या कपाटात त्या बातमीची फाईल असेल तर आवाज नॉर्मल राहतो, नसेल तर ततपप होतं. मी दोन्ही अनुभवलंय.

सतरा वर्षं झाली मला तालुक्याला, एका जिल्हा दैनिकासाठी. दरवर्षी दोन-चार नवी पोरं येतात, कुणी पेपरला, कुणी पोर्टलला, आता तर मोबाईलला माईक लावला की झालं यूट्यूब चॅनल, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, दादा प्रेस कार्ड कसं मिळतं? प्रत्येकाला चहावर वेगवेगळं सांगायचा कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. मी वकील नाहीये, केस अंगावर आली तर वकिलाकडेच जा, पण वकिलाकडे जाताना पिशवीत काय काय पाहिजे ते मला पक्कं माहितीये.

१. कार्डाचा नाद सोडा, आधी पत्र घ्या

आपल्या राज्यघटनेत 'प्रेसचं स्वातंत्र्य' असा वेगळा शब्दच नाही. जे आहे ते कलम १९(१)(अ), भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य, आणि ते चहावाल्याला जेवढं तेवढंच तुम्हाला. पेपरांना ते लागू आहे हे सुप्रीम कोर्टानं १९५० पासून निकालांतून सांगितलं, मद्रास सरकारनं मुंबईच्या 'क्रॉस रोड्स' साप्ताहिकाला बंदी केली त्या रोमेश थापर केसमधे, आणि मग १९६२ ला तर आपल्या पुण्याच्या 'सकाळ'च्या केसमधे. ती केस जरूर माहिती असू द्या. सरकारनं नियम काढला होता की किती किमतीच्या पेपरनं किती पानं द्यायची ते सरकार ठरवणार. 'सकाळ' कोर्टात गेला, कोर्ट म्हणालं की पानं कमी करायला लावणं किंवा किंमत वाढवायला लावणं म्हणजे वाचकापर्यंत पोचणं कमी करणं, आणि खप हाही अभिव्यक्तीचाच भाग आहे, कायदाच रद्द. थोडक्यात मराठी पेपरच्या किमतीवरून देशाचा कायदा ठरलाय.

तर गळ्यातल्या कार्डानं जादाचा हक्क मिळत नाही. अधिस्वीकृती पत्रिका सरकारचं माहिती खातं देतं, तिच्यावर सवलती मिळतात, मंत्रालयात शिरायला बरं पडतं, एवढंच. ती नाही म्हणून ग्रामसभेत बसायला किंवा माहिती मागायला कुणी अडवू शकत नाही.

पण एक कागद लागतो, संपादकाच्या सहीचं नेमणूक पत्र. तोंडी 'तू आपला तालुका बघ' यावर काम सुरू करू नका, मी तेच केलं होतं आणि पहिल्या वर्षात जेव्हा एका कार्यालयात विचारलं गेलं की तुम्ही कोण, तेव्हा पेपरनंच फोनवर सांगितलं, आमचे 'अधिकृत' नाहीत ते. पत्र का हवं ते पुढे हल्ल्याच्या मुद्द्यात परत येईलच. आणि स्वतःचा पेपर काढणार असाल तर १८६७ चा जुना कायदा गेला, १ मार्च २०२४ पासून नवीन नियतकालिक नोंदणी कायदा लागू आहे, नोंदणी ऑनलाइन होते, कुणा एजंटला पैसे द्यायची गरज नाही.

२. कागद मिळवा आणि मिळालेल्या कागदावर विश्वास ठेवू नका

हा मुद्दा लांबणार आहे, कारण नव्या लोकांची नव्वद टक्के भांडणं इथेच हरलेली असतात.

समजा गावातून फोन आला, स्मशानभूमीकडे जाणारा रस्ता चार महिन्यात उखडला. तुम्ही जाता, फोटो काढता, दोन जणांचे बाइट म्हणजे कॅमेऱ्यापुढचं बोलणं घेता, 'निकृष्ट काम, लाखोंचा भ्रष्टाचार' असं हेडिंग देऊन मोकळे. ही बातमी नाही, ही तक्रार आहे, आणि उद्या ठेकेदार नोटीस पाठवेल तेव्हा ते दोन बाइटवाले म्हणणार आम्ही असं बोललोच नाही.

त्याऐवजी असं करा. गावातल्या कामाचे पैसे कुठून आले ते आधी शोधा, ग्रामपंचायतीचा असेल तर ई-ग्रामस्वराजच्या साइटवर आराखडा आणि खर्च बऱ्याचदा दिसतो, टेंडर असेल तर महाटेंडर्सवर. मग माहिती अधिकारात अर्ज टाका. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्द, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. 'सदर कामाबाबत संपूर्ण माहिती द्यावी' असं लिहिलंत तर काहीही मिळणार नाही. कागदाचं नाव घेऊन मागा: मंजूर अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेच्या म्हणजे एमबीच्या नोंदींची प्रत, देयकांच्या प्रती, गुणवत्ता चाचणीचे अहवाल, दोषदायित्व कालावधीची तारीख, म्हणजे काम बिघडलं तर ठेकेदारानंच दुरुस्त करून द्यायची मुदत. तीस दिवसात उत्तर यायला पाहिजे, नाही आलं तर पुढच्या तीस दिवसात पहिलं अपील, आणि खरं सांगू का, बरीच माहिती पहिल्या अपिलाच्या सुनावणीच्या आदल्या दिवशी मिळते, अर्जाला नाही. आणखी एक गंमत म्हणजे या कायद्यात नुसते कागदच नाही तर कामाची पाहणी करायचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घ्यायचाही हक्क दिलाय, कलम २(ञ) बघा. रस्त्याच्या कारपेटचा, म्हणजे वरच्या डांबरी थराचा, तुकडा रीतसर मागता येतो. मी एकदा मागितला होता, साहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

एमबीत लिहिलंय २० एमएम कारपेट. आता जागेवर जा, जिथे कडेला थर उघडा पडलाय तिथे शाळेची पट्टी उभी धरून फोटो काढा, पट्टीवरचे आकडे वाचता आले पाहिजेत आणि त्याच फोटोच्या मागे ओळखीची खूण हवी, देवळाचा कळस, लाईटचा पोल, काहीतरी. एका ठिकाणी नाही, निदान सात-आठ ठिकाणी. मग एखाद्या रिटायर झालेल्या इंजिनिअरला दाखवा, तो सांगेल की कडेला थर पातळच असतो बाबा, मधे बघ. हे त्यानं तुम्हाला सांगणं आणि ठेकेदाराच्या वकिलानं कोर्टात सांगणं यात फार फरक आहे.

आता उलटी बाजू. कधीकधी कागद आपणहून चालत येतो, पाकिटात, व्हॉट्सॲपवर, 'साहेब बघा काय सापडलंय'. नवीन माणूस इथे हुरळतो. 'केसरी' १८८१ ला सुरू झाला आणि दीडेक वर्षात टिळक आणि आगरकर दोघेही मुंबईला डोंगरीच्या तुरुंगात होते, ते राजद्रोहासाठी नाही, अब्रुनुकसानीसाठी. कोल्हापूरचे कारभारी बर्वे हे तरुण महाराजांचा छळ करतात असं छापलं होतं, ज्या पत्रांवर सगळी भिस्त होती ती पत्रं कोर्टात बनावट निघाली. दिलगिरी दिली, चालली नाही, चार महिन्यांची शिक्षा झाली आणि १०१ दिवसांनी सुटले. १९०८ च्या मंडालेबद्दल पत्रकार दिनाला सगळे भाषण ठोकतात, १८८२ बद्दल कुणी बोलत नाही. मला विचाराल तर नव्या पोरांना आधी १८८२ सांगायला पाहिजे. हेतू चांगला होता, माणसं तर टिळक-आगरकर होती, कागद खोटा होता.

म्हणून आयता कागद आला की: जावक क्रमांक आहे का, त्या तारखेला तो अधिकारी त्या खुर्चीवर होता का, सही दुसऱ्या कागदावरच्या सहीशी जुळते का, त्या कार्यालयाच्या जावक रजिस्टरला तो नंबर कुणाच्या नावावर आहे. रविवारची तारीख असलेलं तहसीलचं पत्र मी दोनदा पाहिलंय. आणि देणाऱ्याला काय मिळणार आहे त्यातून हेही विचारा स्वतःला, निवडणूक तोंडावर असेल तर दोनदा विचारा.

३. समोरच्याला विचारा, पण लेखी

'संबंधितांशी संपर्क होऊ शकला नाही' हे वाक्य आपल्याकडे मीठ टाकावं तसं टाकतात. रात्री साडेनऊला एक मिस्ड कॉल द्यायचा आणि हे वाक्य लिहायचं. कोर्टात आणि प्रेस कौन्सिलपुढे, म्हणजे पेपरांबद्दलच्या तक्रारी ऐकणाऱ्या संस्थेपुढे, दोन्हीकडे हे उघडं पडतं.

मी फोन करतो, उचलला तर बोलतो, आणि उचलला तरी वरून मेसेज टाकतो. मेसेज साधारण असा:

"नमस्कार साहेब, मी अमुक दैनिकाचा तालुका वार्ताहर. स्मशानभूमी रस्त्याच्या कामाबद्दल बातमी करतोय. १) एमबीत २० एमएम कारपेटची नोंद आहे, जागेवर आठ ठिकाणी कमी आढळलं, आपलं म्हणणं काय? २) दोषदायित्व कालावधीत दुरुस्ती करून घेणार का? उद्या संध्याकाळी पाचपर्यंत कळवलंत तर आपली बाजू बातमीत पूर्ण घेतो."

बघा, यात आरोप नाही, प्रश्न आहे, वेळ दिलीये आणि कशावरून विचारतोय ते सांगितलंय. निळ्या टिका आल्या की स्क्रीनशॉट. उत्तर आलं तर ते शेवटच्या ओळीत कोंबू नका, वरच्या तीन-चार परिच्छेदात घ्या. उत्तर पटणारं असेल तर बातमी मारा, हो, मारायची. माझ्या दहातल्या दोन बातम्या या टप्प्यावर मरतात आणि त्याचं वाईट वाटतं पण रात्री झोप लागते.

४. नावं

दोन प्रकारची नावं असतात, जी छापायचीच नाहीत आणि जी अगदी पूर्ण छापायची.

छापायची नाहीत ती: लैंगिक अत्याचारातल्या पीडितेचं नाव आणि ओळख, ती जिवंत नसली तरी. ओळख म्हणजे नुसतं नाव नाही. 'अमुक वाडीतली, अमुक शाळेत नववीत शिकणारी, जिचे वडील गिरणी चालवतात' असं लिहिलं की सगळ्या तालुक्याला कळलं. आयपीसीच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ७२, लहान मुलांसाठी पोक्सोचं २३ आणि बाल न्याय कायद्याचं ७४, तिन्हीत शिक्षा आहे आणि 'सगळ्यांनीच छापलं होतं' हा बचाव नाही. अल्पवयीन आरोपीचंही नाव नाही. यूट्यूबवाल्यांनो, नुसता चेहरा ब्लर करून घराचा दरवाजा दाखवणं बंद करा.

पूर्ण छापायची ती: आरोपीचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, वय, वस्ती. इथे माझी स्वतःची चूक सांगतो. सहाव्या-सातव्या वर्षी असेन, सोसायटीच्या अपहाराचा गुन्हा दाखल झाला, ठाण्यातून फोनवर नावं घेतली, घाई होती, पान सुटायचं होतं. एका आरोपीचं नाव आणि आडनाव लिहिलं, मधलं नाव गाळलं, आणि गावात त्याच नाव-आडनावाची दोन माणसं निघाली. एक आरोपी, दुसरा शेजारच्या वस्तीतला साधा दूध घालणारा शेतकरी. वर माझ्याच हौसेनं 'दूध व्यावसायिक' असं विशेषण लावलेलं, कारण मला वाटलं तोच तो. पहिल्या पानावर तीन कॉलम. त्या दिवशी सातचा फोन आलाच नाही. तो माणूस साडेसहाला सायकलवर घरी आला होता, पेपर घडी करून खिशात, आणि एवढंच म्हणाला, "भाऊ, मी काय केलंय ते तरी सांगा." पुढचं शेवटी सांगतो.

तेव्हापासून एफआयआरची प्रत हातात आल्याशिवाय नाव जात नाही. संवेदनशील गुन्हे सोडले तर एफआयआर पोलिसांच्या साइटवर टाकायचे असं सुप्रीम कोर्टानं २०१६ लाच सांगितलंय, त्यामुळे 'मिळत नाही' हे कारण चालत नाही.

५. शब्द जपून, कारण 'खरं आहे' एवढ्यावर सुटका नसते

बदनामीचा फौजदारी गुन्हा आधी आयपीसी ४९९-५०० होता, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं कलम ३५६. दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, किंवा समाजसेवेची शिक्षा. हे कलमच काढून टाका असं म्हणत लोक सुप्रीम कोर्टात गेले होते, २०१६ ला कोर्टानं ते कायम ठेवलं. नवीन माणसाला वाटतं की खरं छापलं म्हणजे झालं, तसं नाही, फौजदारीत खरं असणं आणि ते छापणं लोकहिताचं असणं दोन्ही दाखवावं लागतं. सरपंचानं निधी कुठे घातला हे लोकहिताचं. सरपंचाच्या सूनबाई माहेरी का गेल्या हे खरं असलं तरी तुमच्या-आमच्या कामाचं नाही.

चांगली बाजूही आहे. लोकसेवकाच्या कामाबद्दल सद्भावनेनं मत देणं, कोर्टाच्या कामकाजाचा खरा रिपोर्ट देणं, हे अपवाद त्याच कलमात आहेत. १९९४ च्या राजगोपाल केसमधे सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की अधिकाऱ्याच्या सरकारी कामाबद्दल लिहिलं तर तो सहजासहजी नुकसानभरपाई मागू शकत नाही, बातमी खोटी होती आणि खरंखोटं न बघता बेफिकीरपणे छापली हे त्यानं दाखवायला लागतं. म्हणजे फिरून परत तीच फाईल आली, 'बघितलं होतं' हे तुम्हाला दाखवता आलं पाहिजे.

रोजच्या लिहिण्यात: गुन्हा दाखल झाला म्हणजे 'आरोपी', 'गुन्हेगार' नाही. 'लाटले', 'हडपले', 'गिळले' हे शब्द निकाल लागल्यावर. 'घोटाळा' शब्दावर पेपर खपतो हे मान्य, पण लेखापरीक्षणात 'आक्षेपार्ह रक्कम' लिहिलंय तर तेच लिहा, आणि आकडा पूर्ण द्या, वाचक येडा नसतो. आणि डेस्कनं हेडिंग भडक केलं तर रात्रीच भांडा, कारण सकाळी बायलाइन, म्हणजे बातमीवरचं नाव, तुमचं असतं.

६. पाकीट, जाहिरात आणि खंडणी

हा विषय बोलायला सगळ्यांना अवघड जातो. तालुक्याच्या बहुतेक वार्ताहरांना पगार नसतो, बातमीमागे किरकोळ मानधन नाहीतर जाहिरातीवर कमिशन. म्हणजे ज्या सभापतीची बातमी करायची त्याच्याचकडे वाढदिवसाच्या पुरवणीसाठी अर्ध्या पानाची जाहिरात मागायची. ही व्यवस्था आपण नाही केली, पण अडकतो आपणच.

म्हणून एक नियम पाळा, ज्याच्यावर बातमी चालू आहे त्याच्याशी जाहिरातीचा शब्द काढायचा नाही, त्यानं काढला तरी नाही. तो गोड बोलून म्हणेल "अहो जाहिरात घ्या ना आमची पण", आणि फोन रेकॉर्डिंगला असेल. 'बातमी थांबवायला पैसे मागितले' अशी खंडणीची केस एकदा लागली की तुमची खरी बातमीही मेली. काही जण खरंच मागतात हो, त्यांच्यामुळे बाकीच्यांना 'ब्लॅकमेलर' ऐकावं लागतं.

आणि छापण्यासाठी घेतलेले पैसे हा तर वेगळाच रोग. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत आपल्याच राज्यात एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मोठ्या पेपरांत एकाच नेत्याच्या कौतुकाचा मजकूर शब्दाला शब्द तोच छापून आला, पत्रकार पी. साईनाथांनी ते समोर आणलं. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीनं पेपरांची नावं घेऊन रिपोर्ट लिहिला, तो पूर्ण बाहेर यायला मात्र माहिती आयोगाचा आदेश लागला, म्हणजे पत्रकारांच्या संस्थेकडून पत्रकारितेचीच माहिती माहिती अधिकारात काढायला लागली. तुमच्या पातळीवर एवढंच करा, पैसे घेऊन छापलेल्या मजकुरावर 'जाहिरात' हा शब्द वाचता येईल एवढ्या अक्षरात असला पाहिजे, पोर्टलवर आणि व्हिडिओतही.

७. माहिती देणारा माणूस

आपल्याकडे सोर्सला संरक्षण देणारा वेगळा कायदा नाही. प्रेस कौन्सिलच्या कायद्यात आहे, कलम १५, पण ते कौन्सिलपुढच्या चौकशीपुरतं. पोलीस किंवा कोर्ट विचारू शकतात. त्यामुळे सोर्सला वचन देताना 'काहीही झालं तरी' असं फिल्मी बोलू नका, काय होऊ शकतं ते सांगा.

बाकी अक्कल वापरा. कार्यालयात कागद तीनच जणांकडे असेल तर तसाच्या तसा फोटो छापलात की माणूस सापडला, कडेला पेनानं केलेली टीप, घडी, शिक्का, यावरून क्लार्क ओळखतात एकमेकांना. तोच कागद रीतसर माहिती अधिकारातून मागा, थोडा उशीर होईल पण मग सोर्स सुटला आणि तुमच्याकडे प्रमाणित प्रतही आली. सोर्सचा नंबर खऱ्या नावानं सेव्ह करू नका. मोबाईलला अंगठ्याऐवजी मोठा पासवर्ड ठेवा.

८. फोन, नोटीस, मारहाण

नोटिसा दोन जातीच्या. वकिलाची नोटीस, ज्यात पाच कोटी मागितलेले असतात, ती आली म्हणजे केस झाली असं नाही. घाबरून लगेच फोन करून माफी मागू नका आणि उलट उर्मट उत्तरही देऊ नका, संपादकाला आणि पेपरच्या वकिलाला पाठवा, मुदतीत थोडक्यात लेखी उत्तर. बदनामीचा गुन्हा अदखलपात्र आहे, पोलीस थेट उचलू शकत नाहीत, समोरच्याला मॅजिस्ट्रेटपुढे जावं लागतं आणि सीआरपीसीच्या जागी आलेल्या नवीन नागरिक सुरक्षा संहितेत दखल घेण्याआधी तुमचं म्हणणं ऐकायची तरतूद आहे. बातमी छापूच नये म्हणून कोर्टाचा मनाई हुकूम आणायची पण पद्धत आहे, त्यावर मार्च २०२४ ला ब्लूमबर्गच्या केसमधे सुप्रीम कोर्टानं खालच्या कोर्टांना सांगितलंय की असे एकतर्फी हुकूम उठसूट देऊ नका.

दुसरी नोटीस पोलिसांची. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात बहुतेक वेळा त्याच संहितेच्या कलम ३५(३) ची, जुनी ४१अ, हजर राहायला सांगणारी. हजर राहा, एकटे जाऊ नका, काय लिहून घेतलं ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. मोबाईल मागितला तर लेखी मागा आणि जप्तीचा पंचनामा मागा. कार्यालयात वाद झाला की 'सरकारी कामात अडथळा' लावतात, जुनं आयपीसी ३५३, आता न्याय संहितेचं १३२, म्हणून आत शिरल्यापासून बाहेर येईपर्यंत सलग रेकॉर्डिंग ठेवा आणि आवाज चढवू नका. पोलीस ठाण्यात रेकॉर्डिंग केलं म्हणून सरकारी गोपनीयता कायदा (ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट) लावला होता एका केसमधे, नागपूर खंडपीठानं २०२२ ला सांगितलं की ठाणं हे त्या कायद्यातलं 'प्रतिबंधित ठिकाण' नाही. निकालाची पहिली दोन पानं मोबाईलमधे ठेवा.

आता हल्ला. ६ फेब्रुवारी २०२३, राजापूर. शशिकांत वारिसे, 'महानगरी टाइम्स'ला लिहायचे, कोकणातल्या रिफायनरी प्रकल्पाच्या विषयावर सातत्यानं. ज्याच्याबद्दल त्याच दिवशी त्यांची बातमी छापून आली होती त्याच माणसाच्या गाडीनं त्यांच्या दुचाकीला धडक दिली, दुसऱ्या दिवशी ते गेले. आधी सदोष मनुष्यवधाचं कलम लागलं होतं, ओरड झाल्यावर खुनाचं. आमच्यासारखाच माणूस, छोटा पेपर, तालुक्याचं ठिकाण, दिवसाढवळ्या हायवेला. त्यानंतर मी एक करतो, मोठी बातमी लागायच्या दिवशी कुठे जातोय ते घरी आणि दोन पत्रकार मित्रांना सांगून जातो आणि धमकीचा फोन आला की त्याच दिवशी ठाण्यात लेखी अर्ज, पोच घेऊन. 'असले फोन येतातच' असं म्हणून सोडून देत नाही.

महाराष्ट्रात पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे, सभागृहात २०१७ ला पास, लागू व्हायला २०१९ उजाडलं. हल्ला किंवा मालमत्तेची नासधूस केली तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, तपास डीवायएसपी दर्जाच्या खाली नाही, दवाखान्याचा खर्च आणि नुकसानभरपाईही. पण ठाण्यात हे कलम आपोआप लागत नाही, कित्येकदा साधी मारामारी लिहून घेतात, म्हणून अर्जात कायद्याचं नाव तुम्हीच लिहा. आणि इथे ते नेमणूक पत्र लागतं, कारण कायदा संस्थेत नियमित किंवा करारावर काम करणाऱ्याला धरतो, तोंडी वार्ताहराच्या बाबतीत समोरचा वकील पहिला हाच मुद्दा काढणार. खोटी तक्रार केली तर शिक्षा आपल्यालाच आहे, तेही ध्यानात ठेवा.

सरकारी यंत्रणा दाबत असेल, जाहिराती तोडत असेल, तर प्रेस कौन्सिलकडे तुम्हालाही तक्रार करता येते. दात नाहीत तिला, समज देते, ताशेरे ओढते, बस. पण ताशेऱ्यांचा कागद पुढे कामाला येतो.

९. चुकलात तर

वाचकाला सांगा की तक्रार कुठे करायची, लपवू नका. पेपरसाठी आधी संपादकाला पत्र, मग दैनिक-साप्ताहिकाबद्दल प्रेस कौन्सिलला दोन महिन्यांच्या आत. टीव्हीसाठी आधी चॅनलला, सात दिवसात. पोर्टलसाठी २०२१ च्या आयटी नियमांत तक्रार अधिकारी आणि पंधरा दिवसांची मुदत आहे, त्यातल्या आचारसंहितेच्या सक्तीला मुंबई हायकोर्टानं त्याच वर्षी स्थगिती दिली, ते बरंच झालं, पण म्हणून साइटवर एक फोन नंबर आणि नाव टाकायला काय जातं? यूट्यूबवाल्यांनी चुकीचा व्हिडिओ गुपचूप डिलीट करायचा नाही, वर पिन करून चूक लिहायची, डिलीट केलेला व्हिडिओ दुसऱ्यांच्या ग्रुपवर फिरतच असतो.

दुरुस्ती अशी लिहा: कुठल्या तारखेच्या कुठल्या पानावर काय चुकलं, बरोबर काय आहे, आणि चूक आमची. 'अनवधानाने', 'मुद्रणदोषाने' असले शब्द नकोत, मुद्रणयंत्र गुन्हे लिहीत नाही.

त्या दूध घालणाऱ्या माणसाची दुरुस्ती मी त्याच दिवशी पाठवली. आली तिसऱ्या दिवशी, सातव्या पानावर, निविदा सूचनांच्या खाली चार ओळी. बातमी पहिल्या पानावर तीन कॉलम होती. मी डेस्कशी भांडलो, मला सांगितलं गेलं की दुरुस्तीला पहिलं पान देत नसतात. महिनाभरानं तो डेअरीच्या रांगेत भेटला, खिशातून काढून दाखवलं, त्या चार ओळींचं कात्रण लॅमिनेट करून घेतलं होतं, दोन्ही बाजूंनी, एसटीच्या पासएवढं. मुलीचं स्थळ बघायला जाताना बरोबर नेतो म्हणाला, कुणी विचारलंच तर दाखवायला. मधलं नाव पेनानं अधोरेखित केलेलं होतं.

दुरुस्ती ज्या पानावर चूक झाली त्याच पानावर घ्यायची, हे मी पुढच्या वर्षी नेमणूक पत्र नवीन करताना संपादकाकडून लेखी घेतलं. तुम्ही पहिल्याच पत्रात घ्या.